सलग रेघ

वहिनी लग्न होऊन या घरात आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या खोलीतून एका मुलीचा चढलेला आवाज तिच्या कानावर आला. नवी नवरी, साखरेचा डबा कुठे असतो तेही अजून ठाऊक नाही, आणि बाहेर कुणीतरी कुणाला तरी चांगलंच फैलावर घेत होतं. तिने दाराआडून डोकावून पाहिलं. खुर्चीत सासऱ्यांचे एक मित्र ऐसपैस बसलेले, आणि त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून बारा वर्षांची नणंद उभी. एक वेणी सुटलेली, गुडघा खरचटलेला.

मित्र सांगत होते, की त्यांचा मूळपुरुष एका राजाच्या दरबारात राजाच्या उजव्या हाताला बसायचा.

"कशावरून?" मुलीने विचारलं.

"कशावरून म्हणजे? आमचे आजोबा सांगायचे."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"त्यांच्या आजोबांनी."

"आणि ते कुठे बसले होते? डाव्या हाताला?"

सासरे उगाचच खोकले. मित्र म्हणाले, "मुलगी हुशार आहे हो तुमची." कुत्रं चावरं आहे हो तुमचं, असं ज्या सुरात म्हणतात त्याच सुरात म्हणाले.

सासूबाई कपाळाला हात लावून वहिनीकडे वळल्या. "बघून घे. ही आमची कशावरूनबाई. सूर्य उगवला म्हटलं तरी विचारेल, कशावरून?"

वहिनीला हसू आलं. पण तिच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली, जी त्या घरात इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आली नव्हती. मुलगी आगाऊपणा करत नव्हती. तिचे कान लाल झाले होते, डोळ्यांत पाणी होतं. आपली वस्तू कुणी ढापली की माणूस जसा चिडतो तशी ती चिडली होती. दुपारी सुटलेली वेणी घालताना वहिनीने हळूच विचारलं, "वन्सं, एवढं काय लागलं मनाला? म्हातारा माणूस, मारली एक थाप."

"मेलेल्यांच्या नावावर कुणीही काहीही खपवतं," मुलगी म्हणाली. "आणि त्यांना उठून नाही म्हणता येत नाही."

वहिनी प्राथमिक शाळेत शिकवायची. गोड गळ्याची, सावकाश बोलणारी. वर्गात तिने पट्टी कधी उचलली नाही. राग तिलाही यायचा, पण त्याचं काय करायचं हे तिला कळत नसे. ती तो गिळून टाकायची. त्यामुळे या बारा वर्षांच्या मुलीचं तिला अप्रूप वाटलं, आणि ते पुढे आयुष्यभर टिकलं.

मुलीने कॉलेजात प्राचीन इतिहास घेतला. तिचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, ज्याला घरात सगळे दादा म्हणत, तो म्हणाला, "त्यात नोकरी कोण देणार? मेलेले?" ती म्हणाली, "जिवंतांपेक्षा बरे. खोटं बोलले तरी पकडता येतात."

गावाबाहेर एक टेकाड होतं. तिथे विद्यापीठातले एक प्राध्यापक वर्षानुवर्षं खोदकाम करत होते. त्यांना सगळं गाव सर म्हणायचं. कॉलेजची पोरं हिवाळ्यात तिथे मातीच्या भांड्यांचे तुकडे धुवायला जात. नणंद पहिल्या वर्षी गेली आणि तिथलीच झाली. दात घासायच्या जुन्या ब्रशने खापऱ्या धुवायच्या, उन्हात पसरायच्या, वाळल्या की त्यांवर बारीक अक्षरात खड्डा आणि थर लिहायचा. टेकाडातली माती थरांनी बसलेली असते. खालचा थर जुना, वरचा नवा. खापरी कोणत्या थरातली हे एकदा हरवलं, की ती नुसती भांड्याची फूट. संध्याकाळी पोरगी घरी यायची ती डोक्यापासून पायापर्यंत मातीने माखून. सासूबाई दारातच ओरडायच्या, "तिथेच थांब! आधी झटक!"

एकदा ती सरांनी शिकवलेलं एक चित्र घेऊन आली आणि हात धुवायच्या आधीच वहिनीला दाखवायला बसली. खापरीवरून अख्खं भांडं कसं होतं ते कागदावर काढायचं असतं. "भांड्याचा जेवढा भाग हातात आहे, तेवढा सलग रेघेने काढायचा," ती म्हणाली. "जो हातात नाही, पण असावा असं वाटतं, तो तुटक रेघेने. सर म्हणतात, सलग रेघ ओढली म्हणजे शपथ घेतली." तिचे डोळे असे चमकत होते, की वहिनीला वाटलं, हिला आयुष्यात हवं ते मिळालं. जगाला कशावरून विचारणाऱ्या पोरीला एक असा माणूस भेटला होता, जो तिच्याही आधी स्वतःला कशावरून विचारत होता.

सरांना मात्र तिने तो प्रश्न कधी विचारला नाही.

शिकून ती त्याच विद्यापीठात शिकवायला लागली. तिच्या रागाच्या गोष्टी गावभर झाल्या. एका विद्यार्थ्याने चित्रं छान दिसावीत म्हणून तुटक रेघा सलग करून आणल्या, तेव्हा तिने ती सगळी चित्रं त्याच्यादेखत उभी फाडली आणि म्हणाली, "आता खरंच सगळं तुटक आहे. जा, पहिल्यापासून." टेकाडावर एक वाटाड्या पाहुण्यांना सांगायचा की इथून राणीच्या महालापर्यंत भुयार होतं. ही त्याच्या घोळक्याबरोबर चालत राहायची आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागे "नव्हतं" म्हणायची. शेवटी त्यानेच हात जोडले, "मॅडम, लोक भुयारासाठी येतात हो. तुम्ही म्हणता त्या खापऱ्यांसाठी माझी सासूसुद्धा येणार नाही."

लग्नाचंही तसंच. एक स्थळ आलं. मुलाची आत्या म्हणाली, "आमचा मुलगा फार शांत आहे." ही म्हणाली, "कशावरून?" आत्या म्हणाली, "कधी बोलतच नाही." ही म्हणाली, "ते शांत असल्यामुळे, की तुम्हाला घाबरून?" मुलगा खुदकन हसला, पण स्थळ गेलं ते गेलंच. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. वहिनी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती.

आता त्या रांजणाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच उभं होतं.

नणंद टेकाडावर जायला लागली त्याच्या काही वर्षं आधी सरांना तिथे एका मोठ्या रांजणाचे तुकडे सापडले होते. त्यांनी ते स्वतः जोडले. रांजणाच्या पोटावर काळ्या रेघांनी रंगवलेलं एक गलबत, शिडासकट. आणि गळ्यावर चांदणीचा शिक्का. तो शिक्का कोणत्या काळातला हे इतर ठिकाणांवरून पक्कं माहीत होतं, फार जुन्या काळातला. म्हणजे गलबतही तितकंच जुनं. म्हणजे इतक्या जुन्या काळात आपल्या गावचे लोक समुद्र ओलांडून व्यापार करत होते. समुद्र गावापासून चांगलाच लांब, पण नदी होती ना! गावाला आणखी काय हवं? रांजण संग्रहालयात काचेच्या पेटीत बसला. बसस्थानकाच्या भिंतीवर त्याचं चित्र आलं, नगरपालिकेच्या कागदांवर आलं, चौथीच्या पुस्तकात धडा आला. नणंदेचा प्रबंध त्यावरच होता, पुढे त्याचं पुस्तक झालं. त्या पुस्तकावर तिला नोकरी मिळाली, मान मिळाला, परदेशातल्या लोकांची निमंत्रणं आली. आणि वहिनी दर वर्षी चौथीच्या मुलांकडून वहीत रांजण काढून घ्यायची. ज्याचा गळा वाकडा त्याचा अर्धा गुण कमी.

नणंद शेहेचाळीस वर्षांची असताना नवं संग्रहालय बांधून झालं. मोठी इमारत, काचेच्या भिंती, दारात गलबताची लोखंडी आकृती. तिला तिथली प्रमुख करायचं ठरलं होतं. सरांनीच तिचं नाव सुचवलं होतं. नवीन इमारतीत पहिल्यांदा रांजण न्यायचा होता. हमाल म्हणाले, "मॅडम, हा धरायचा कुठे? कच्चा कुठे आहे ते सांगा." पेटी उघडली. इतक्या वर्षांत त्या पेटीचं झाकण कुणी काढलं नव्हतं. ठिसूळ आहे, हात लावू नका, असं सर नेहमी सांगत. नणंदेने घड्याळ काढून ठेवलं, बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत रांजणात घातला.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होती. नणंद समोर बसली. रागावली की ती बोलायला लागायची; आज ती गप्प होती. तिच्या उजव्या हाताला पांढरी पूड लागली होती.

"काय झालं गं?"

नणंदेने टेबलावरचा चहाचा कप उचलला, आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीचं झाकण घेऊन त्या कपाच्या वर, मध्ये चार बोटांचं अंतर ठेवून, धरलं. "हे पोट," ती म्हणाली. "हा गळा. आणि मधल्या जागेत प्लास्टर. सगळीकडून. गोल. मी आतून हात फिरवला. कुंभाराच्या हातचं भांडं आतून कधी गुळगुळीत नसतं वहिनी, बोटांचे वळ असतात. हे ताटासारखं गुळगुळीत. गळा आणि पोट कुठेही, एका ठिकाणीसुद्धा, एकमेकांना टेकत नाहीत."

"म्हणजे मधले तुकडे हरवले असतील."

"मग मी बॅटरी लावून पाहिलं. गळ्याची माती वाळूची, लालभडक भाजलेली. पोटाच्या मातीत भुसा, आत काळी. पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल, ही दोन भांडी आहेत. दोन वेगवेगळ्या काळांतली. गलबत त्या शिक्क्यापेक्षा कितीतरी शतकं नंतरचं आहे. वरून तपकिरी रंग फासलाय, जोड दिसू नये म्हणून."

वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग तुझं पुस्तक?"

"रद्दी."

"पण तू मोजमापं घेतली होतीस ना गं? चित्रं काढली होतीस."

"काचेतून!" आता तिचा आवाज चढला. "काचेतून पाहिलं आणि बाकी सरांच्या चित्रावरून घेतलं. त्यांच्या चित्रात रेघ सलग आहे, वहिनी. ओठापासून बुडापर्यंत सलग. आणि मी सगळ्या जगाला कशावरून विचारत फिरले, पण या माणसाला नाही विचारलं. गाढव मी. पदवीधर गाढव."

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे जायला निघाली तेव्हा वहिनीला म्हणाली, "तू चल बरोबर."

"मी कशाला मध्ये?"

"मी त्यांच्या घरातलं काही फोडलं तर धरायला."

सर तेव्हा ऐंशीच्या आसपास होते. खिडकीजवळच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल, भिंतीवर रांजणाचा मोठा फोटो. सरांच्या मुलीने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. सर खुश झाले. "ये पोरी. तुझीच आठवण काढत होतो. उद्घाटनाला कोण कोण येणार, ठरलं का?"

"सर, गळा कोणत्या थरात मिळाला होता?"

सरांनी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. वहिनीने आयुष्यभर मुलांचे चेहरे वाचले होते. वही घरी विसरली म्हणणाऱ्या मुलाचा चेहरा तिला लगेच कळायचा. तोच चेहरा आत्ता तिच्या समोर होता, पांढऱ्या केसांखाली.

"त्याच खड्ड्यात," सर म्हणाले.

"खड्डा नाही विचारला, थर विचारला."

"अगं, त्या वर्षी पाऊस अवेळी आला. खड्ड्याची भिंत ढासळली. वरचं खाली, खालचं वर. थर कुठे शिल्लक राहिला होता? गळा होता, पोट होतं, माप जुळत होतं. म्हटलं, बसवून बघू कसं दिसतं. नुसतं बघायला, खरंच. उद्या काढू म्हटलं. दुसऱ्या दिवशी मंत्री आले. त्यांच्याबरोबर फोटोवाले. वर्तमानपत्रात फोटो आला. मग..." त्यांनी हात हवेत हलवला. "मग तो रांजण माझा राहिलाच नाही."

"दोन भांडी आहेत, हे तुम्हाला कधी कळलं?"

"कळलं म्हणजे... शंका होतीच."

"मी पुस्तक लिहीत होते तेव्हा?"

सरांनी गुडघ्यांवरची शाल नीट केली.

"सर. मी तुमच्या या टेबलावर बसून प्रकरण वाचून दाखवत होते. गळ्याचं आणि पोटाचं प्रमाण. तुम्ही तेव्हा ऐकत होतात. तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"इतकं सुंदर लिहिलं होतंस गं तू," सर म्हणाले. "माझ्या एकाही विद्यार्थ्याने इतकं चांगलं लिहिलं नाही. मी काय सांगणार होतो?"

"नापास करायचं होतं मला!" नणंद उठून उभी राहिली. कप थरथरला. "तुम्ही मला नापास करायला हवं होतं! मी पुन्हा लिहिलं असतं. मी तेवीस-चोवीस वर्षांची होते, मला काय घाई होती? तुम्ही मला शाबासकी दिलीत. खोटं आहे हे माहीत असून पाठीवर हात फिरवलात!"

"त्या रांजणामुळे खोदकाम चालू राहिलं. संग्रहालय झालं. तुझी नोकरी—"

"तुमचं खोटं माझ्या नोकरीच्या नावावर खपवू नका."

आणि इथे वहिनी बोलली. ती बोलेल असं त्या खोलीत कुणालाच वाटलं नव्हतं, तिला स्वतःलाही नाही. "मी मुलांचे गुण कापलेत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण दाताखाली खडा यावा तसा लागत होता. "किती वर्षं. गळा पोटावर नीट बसला नाही म्हणून. बरोबर काढायचं, खोटं चालणार नाही, असं सांगून मी मुलांचे गुण कापले सर. आठ-नऊ वर्षांची पोरं. रडायची. आणि तुम्ही इथे शाल घेऊन बसला होतात."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं की समोरच्याने विरघळायचं असतं. वहिनी विरघळली नाही. उलट त्या पाण्याचा तिला जास्तच राग आला.

सर शालीच्या टोकाने डोळे पुसत म्हणाले, "मला सांगू दे. उद्घाटनाच्या दिवशी. लोकांसमोर. माझ्या तोंडाने. एवढं दे मला."

नणंदेने दिलं. तिने घराबाहेर कुणाला काही सांगितलं नाही. संग्रहालयाच्या अध्यक्षांना मात्र हमालांकडून कुणकुण लागली होती. त्यांनी तिला बोलावून समजूत घातली. "मॅडम, सर आहेत तोवर थांबू. नंतर बघू काय ते."

"म्हणजे सर मरायची वाट बघू?"

"असं नाही हो..."

"मग कसं?"

घरी दादाही अध्यक्षांच्याच बाजूने होता. "अगं, बसस्थानकाच्या भिंतीपासून दुकानाच्या पाट्यांपर्यंत सगळीकडे ते गलबत आहे. तुला अख्खं गाव बुडवायचंय का?"

"दादा, गाव बुडत नाही. फक्त गलबत जरा उशिरा निघालं, एवढंच म्हणतेय मी."

उद्घाटनाला सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर मधोमध रांजण, त्यावर दिवा. सरांना दोघांनी धरून माइकपाशी आणलं. वहिनी तिसऱ्या रांगेत, शेजारी दादा. नणंद पहिल्या रांगेत ताठ बसली होती. सरांनी रांजणाकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं, की कुणीतरी पाणी आणायला धावलं. मग ते म्हणाले, "या रांजणाने मला सगळं दिलं." आणि खाली बसले.

टाळ्या थांबेनात. दादाने वहिनीला कोपराने ढोसलं, "वाजव की." वहिनीने हात मांडीवरून हलवले नाहीत. एक माणूस आपल्या सगळ्या आयुष्यात एकदाच खरं बोलणार होता, आणि तेवढंही त्याला जमलं नाही. आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते!

परत येताना दोघी पायीच निघाल्या. नवीन इमारतीची किल्ली अजून नणंदेच्या पिशवीत होती. वहिनी कोपऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "फोडून टाक."

"काय?"

"रांजण. किल्ली आहे ना तुझ्याकडे? आत जा आणि फोडून टाक. मी बाहेर उभी राहते."

नणंद तिच्याकडे बघत राहिली. मग त्या दिवसात पहिल्यांदा हसली. "वहिनी, शाळेत तुझ्या वर्गात एक काच तरी फुटली होती का गं कधी?"

"चेष्टा करू नकोस. फोडून टाक म्हणतेय मी."

"नाही." ती पुन्हा गंभीर झाली. "खोटं फक्त त्या प्लास्टरमध्ये आहे. गळा ज्याने केला त्याने चांगला केलाय, पोट ज्याने केलं त्याने त्याहून चांगलं केलंय. त्या दोघांनी कुणाचं काय वाकडं केलं? ते नाही खोटं बोलले. प्लास्टर भिजवून, सगळ्यांसमोर, फोटो काढून, एकेक तुकडा सोडवायचा. फोडायचं नाही. राग आला म्हणून खापरी फोडायला मी काय माकड आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लेख लिहायला घेतला. त्यात आधी तिने स्वतःचं पुस्तक खोडलं, एकेक प्रकरण घेऊन, कुठेही स्वतःला सूट न देता. मग रांजणावर आली. लेख छापून आला आणि गावात भडका उडाला. एका वर्तमानपत्राने तिला गुरुद्रोही म्हटलं. बसस्थानकावर कुणीतरी तिच्याकडे बघून थुंकलं. प्रमुखाची जागा तिच्याच एका विद्यार्थ्याला मिळाली. तो पेढे न आणता माफी मागायला आला, आणि तिने त्याला सांगितलं, "माफी नको. प्लास्टर काढ." त्याने काढलं नाही. संग्रहालयाच्या समितीची परवानगी नव्हती.

वहिनीने मात्र त्या वर्षी चौथीच्या वर्गात फळ्यावर रांजण काढला तो गळा वर, पोट खाली, आणि मध्ये मोकळी जागा ठेवून. मुख्याध्यापकांनी बोलावलं. "बाई, तुमच्या नणंदेचं भांडण वर्गात आणू नका. पुस्तकात आहे तसं शिकवा."

"पुस्तकात खोटं आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते," वहिनी म्हणाली. एवढ्या नोकरीत तिने मुख्याध्यापकांपुढे कधी मान वर केली नव्हती. "पुस्तक बदला, नाहीतर मला बदला. मी मुलांना जोडून काढायला लावणार नाही." त्यांनी वर्ग बदलला. निवृत्त होईपर्यंत तिला दुसरी दिली, जिथे इतिहास नसतो. पण शेवटपर्यंत शिक्षकांच्या खोलीत कुणी रांजणाचा विषय काढला की वहिनीचा चहा गार व्हायचा, आणि ज्याने काढला त्याचाही.

काही वर्षांनी सर गेले. नणंद अंत्यदर्शनाला गेली आणि मागे, भिंतीला टेकून उभी राहिली. कुणीतरी फणकाऱ्याने विचारलं, "तुम्ही कशा काय इथे?"

"मला त्यांनीच शिकवलंय," ती म्हणाली. "सलग रेघ कधी ओढायची ते." आणि बराच वेळ तिथून हलली नाही. घरी आल्यावर वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि रडता रडताच म्हणाली, "का नाही बोलला म्हातारा? दोन वाक्यं होती. दोन वाक्यांना काय लागतं?" वहिनीला सरांचा राग होता, तो अजूनही आहे.

रांजण अजून नव्या संग्रहालयात उभा आहे. फार मागे लागल्यावर समितीने पेटीशेजारी एक पाटी लावली: काही अभ्यासकांच्या मते हा रांजण दोन भांड्यांचा असण्याची शक्यता आहे. पाटी वाचून नणंद तिथेच कडाडली, "काही अभ्यासक? कोण काही? मी एकटी आहे. एकटी लिहा! आणि शक्यता कसली? हात घालून बघा की!" पहारेकऱ्याने तिला अदबीने दारापर्यंत सोडलं, तो तिच्याकडे वर्षभर शिकलेला होता. दर वर्षी ती समितीला प्लास्टर काढायचा अर्ज करते, दर वर्षी तो पुढच्या बैठकीत जातो.

निवृत्तीनंतर तिने विद्यापीठाकडून एकच गोष्ट मागून घेतली: जुन्या गोदामात बसायची परवानगी. तिथे टेकाडावरच्या खापऱ्यांची कपाटं आहेत. सरांच्या काळात धुऊन ठेवलेल्या, पुन्हा कुणी न उघडलेल्या. भुशाच्या मातीचा, काळ्या रेघांचा, गलबताच्या पोटाला खरोखर टेकेल असा गळा त्यांत कुठेतरी असेल, असं तिला वाटतं. वहिनी आता अठ्ठ्याहत्तरची. गुडघे दुखतात, तरी आठवड्यातून एकदा जेवणाचा डबा घेऊन तिथे जाते, खुर्चीत बसते आणि नणंद खापऱ्यांना, समितीला आणि स्वतःला शिव्या घालते ते ऐकते.

नणंद अडुसष्ट वर्षांची आहे. रविवार सोडून रोज सकाळी गोदामात जाते, आणि सध्या तिसऱ्या कपाटाच्या खालच्या खणात पोहोचली आहे.